मोडायची जागा

"तुमचं विमान मोडत कसं नाही, उस्ताद?"

"कोण म्हणालं मोडत नाही?"

"सगळा तालुका म्हणतो. बारा वर्षं एकच विमान उडवताय म्हणे."

"तालुक्याला दुसरा कामधंदा नाही," हैदर उस्ताद म्हणाले आणि हातातला बांबू चिरत राहिले.

विश्वजित पाटणकर टेम्पोशेजारी तसाच उभा राहिला. पहाटे कराडजवळच्या आपल्या गावाहून निघून, धक्के खात, बोरजाईच्या या माळावर तो आला होता. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला निदान "बस" तरी म्हणावं की नाही? पण उस्तादांचं लक्ष बांबूच्या पेरावर होतं.

हे हैदर उस्ताद म्हणजे एक वल्लीच. मोहरमला बोरजाईचा ताबूत निघतो, पाण्याच्या टाकीच्या बरोबरीनं उंच, नुसता बांबूच्या कामट्या आणि कागद. तो त्यांच्या हातचा. दिवाळीला पंचक्रोशीतले आकाशकंदील त्यांचेच. आणि उरलेल्या दिवसांत हा म्हातारा विमानं बांधायचा.

खेळण्यातली नव्हेत हं. नऊ-नऊ, दहा-दहा फूट पंखांची, रिमोटवर उडणारी. आणि विकतचं म्हणाल तर जवळजवळ काही नाही. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल, बांबूच्या कामट्या, खाकी कागद, गोंद, सायकलचे स्पोक, जुन्या चपला कापून केलेली चाकं. गवत कापायच्या मशीनचं भंगारातलं इंजिन. अंगावर निवडणुकीनंतर उतरवलेला फ्लेक्स. त्यामुळं अनामत जप्त झालेला एक उमेदवार बारा वर्षं हात जोडून, हसतमुखानं बोरजाईच्या आभाळात फिरत होता.

विश्वजितही तसलीच विमानं बांधायचा. कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये नोकरी, डिप्लोमा झालेला, हुशार. आणि त्या हुशारीची स्वतःलाच जरा जास्त खबर असलेला.

तीन विमानं त्यानं बांधली. तिन्ही गेली. टेम्पोत होतं ते चौथं.

हे मोडून चालणार नव्हतं. एक तर इंजिन तेच होतं, मागच्या वेळी तडकलेलं, वेल्डिंग करून जगवलेलं. आणखी एक दणका बसला की त्याचा निकाल लागणार, आणि विमानाच्या नादाचाही. पण खोटं कशाला सांगा? इंजिन ही वरवरची गोष्ट होती. हे मोडलं तर त्याचा मित्र सदानंद खरा ठरणार होता. विश्वजितला ते जास्त झोंबत होतं.

"उतरव," उस्ताद म्हणाले. "बघू तरी."

विश्वजितनं टेम्पोचा फाळका पाडला. नऊ फुटी पंख. तो एका टोकाला गेला, मग दुसऱ्या टोकाला आला. परत पहिल्या टोकाला.

"दुसरं टोक कोण धरतं?" उस्तादांनी विचारलं.

"एकटाच आहे मी."

"एवढा पंख एकट्यानं बांधलास?"

"हो."

"पहिल्यापासनं एकटाच?"

"...नाही. सदानंद होता. माझा मित्र. आता नाही."

"देवाघरी गेला?"

"छे हो! पंक्चरचं दुकान आहे त्याचं. चांगला धडधाकट आहे."

"मग 'आता नाही' म्हंजे?"

उस्ताद उठले, गुडघ्यावर हात देत देत आले आणि पंखाचं दुसरं टोक धरलं.

विमान माळावर जोडून उभं राहिलं. देखणं होतं, यात वाद नाही. प्लायवूडचं धड, पंखातनं आरपार गेलेली ॲल्युमिनियमची नळी, नाकावर लोखंडी पट्ट्यांत आवळलेलं इंजिन. पंख धडावर चार पोलादी बोल्टांनी कसलेला.

उस्ताद त्याच्याभोवती फिरले. टिचकी मारून पाहिली. वाकून शेपटीखालनं पाहिलं. इंजिनाचा वाससुद्धा घेतला.

"हे कुठं मोडतं?"

"हे मोडत नाही, उस्ताद." विश्वजितच्या आवाजात नको म्हटलं तरी ऐट आलीच. "सगळा हिशोब करून बांधलंय."

"म्हंजे तुला ठाऊक नाही."

"मोडतच नाही, तर ठाऊक काय असायचंय?"

"बरं... पहिलं कुठं मोडलं होतं?"

"पंख. मधोमध तुटला."

"मग?"

"मग दुसऱ्याच्या पंखात ही नळी घातली."

"मग?"

"मग पंख राहिला, पण धड मोडलं. कमरेत."

"मग?"

"तिसऱ्याला प्लायवूडचं धड केलं."

"मग?"

"...मग इंजिन तडकलं."

"आता?"

"आता इंजिनाला लोखंडी पट्ट्या मारल्यात."

"मग आता काय मोडंल?"

विश्वजितनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. पंखात नळी. धडाला प्लायवूड. इंजिनाला लोखंड. मध्ये पोलादी बोल्ट. त्यानं मनातल्या मनात विमान नाकापासून शेपटीपर्यंत चाचपलं, परत शेपटीपासून नाकापर्यंत. कुठंच काही कच्चं नव्हतं. आणि तरीही, बारा किलोचं धूड खाली आपटलं तर तो दणका जाणार कुठं? कुठंतरी जाणारच की! गंमत म्हणजे हा प्रश्न त्याला इतक्या महिन्यांत एकदाही पडला नव्हता.

त्यानं तोंड मिटलं.

उस्ताद हसले. "मोडणं थांबवलं नाहीस रे तू. त्याला आत घेत आलास. अंगणात होतं, ते ओसरीवर घेतलंस. ओसरीवरनं माजघरात. आता देवघराच्या उंबऱ्यावर आणून उभं केलंयस, आणि म्हणतोस, घर मजबूत आहे."

"मग काय करायचं होतं?"

"पाना दे."

उस्तादांनी खाली बसून चारी बोल्ट काढले. चांगली दहा मिनिटं लागली, एवढे कसलेले होते. काढले आणि सरळ आपल्या सदऱ्याच्या खिशात टाकले.

मग आपल्या ढिगातनं बांबूचा एक तुकडा उचलला, करंगळीएवढ्या चार खुंट्या तासल्या. वर बोंड, खाली पाचर मारायला चीर. आणि प्रत्येक खुंटीला, पंख आणि धड जिथं टेकतात बरोबर तिथं, सुरीनं गोल बारीक खाच पाडली.

विश्वजित बघत होता. खाच पाडताना त्याला राहवेना.

"अहो, तिथंच कच्ची झाली ना ती!"

"झाली."

"या काड्यांवर नऊ फुटी पंख?"

"टोक धर."

दोघांनी पंखाची दोन टोकं धरली. "उचल." विमान वर आलं. सगळंच्या सगळं वजन त्या चार खुंट्यांना लोंबकळत होतं. "झुलव." विश्वजितनं जरासं झुलवलं. "लाजतोस काय नव्या नवरीगत? झुलव!" त्यानं गचके दिले. खुंट्या करकरल्या, पण हलल्या नाहीत.

"बांबूला ओढ, जीव गेला तरी सोडत नाही," उस्ताद म्हणाले. "ठेव खाली."

विमान चाकांवर टेकलं. उस्ताद समोर गेले, आणि काही कळायच्या आत त्यांनी पंखाच्या पुढच्या कडेवर उघड्या पंजानं सणसणीत फटका हाणला.

टक्!

पंख धडावरनं मागं सरकला आणि गवतात आडवा झाला.

"अहो उस्ताद! काय करताय?" विश्वजित ओरडलाच. धावत जाऊन त्यानं पंख उचलला, कुरवाळल्यागत चाचपला. नळी सरळ होती. कागदालाही चरा नव्हता. धड जिथल्या तिथं उभं होतं. आडव्या माराला मोडल्या होत्या त्या फक्त चार काड्या, अगदी खाचेवर.

उस्तादांनी नव्या चार खुंट्या तासून ठोकल्या. तासून-ठोकून पाच मिनिटं.

विश्वजित त्या मोडक्या काड्या हातात घेऊन बघत राहिला. उलटून-पालटून पाहिल्या.

"मुद्दाम कच्चं ठेवायचं... हे पटत नाही मला."

उस्तादांनी पिशवीतनं पाण्याची बाटली काढली, दोन घोट घेतले.

"तुझ्या वयाचा होतो. पहिल्यांदाच ताबूत माझ्यावर सोपवला होता. म्हटलं, असा बांधतो की दुनिया बघंल. वरपासनं खालपर्यंत प्रत्येक गाठ तारेनं आवळली. मामू म्हणाले, वरचा मजला कच्च्या सुतानं बांध. म्हटलं, मामू म्हातारे झाले. वेशीतल्या लिंबाच्या फांदीला शेंडा अडकला. कच्चं सूत असतं, तर वरचा मजला तेवढा झुकला असता. तार कशाला सोडती? सगळा ताबूतच कलला. खाली चाळीस माणसं."

"...मग?"

"चाळिसात मामूही होते. उजवा खांदा गेला त्यांचा. पुढं घास घ्यायलाही हात वर होईना. अठरा वर्षं मामी भरवत होती त्यांना. मी समोर बसून बघायचो."

माळावर वारा होता. फ्लेक्सचा एक तुकडा फडफडत राहिला.

"ते कधी बोलले नाहीत मला," उस्ताद म्हणाले. "एकदासुद्धा."

विश्वजितनं हातातल्या काड्या मुठीत मिटल्या.

"ते बोल्ट लावायच्या आधी," उस्तादांनी एकदम विचारलं, "पंख कशानं धरला होता?"

"कधी?"

"पहिल्या विमानाला. जन्मापासनं बोल्ट नसतील."

"...रबरानं. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून. आडव्यातिडव्या ताणून बांधायचो."

"कुणाची अक्कल?"

विश्वजितनं खाली पाहिलं. "सदानंदची."

"काय व्हायचं मग?"

"काय व्हायचं? जरा कुठं आपटलं की पट्ट्या निसटायच्या, पंख पडायचा. उचलायचा, परत बांधायचा. दिवसातनं चारदा." तो तावातावानं बोलायला लागला. "सव्वीस जानेवारीला शाळेच्या ग्राउंडवर उडवलं. अख्खा गाव जमलेला. उतरवताना पंख सुटून बाजूला पडला. पोरं हसली, उस्ताद! 'पंख गळाला, पंख गळाला' करून नाचली. सरपंचसुद्धा हसले."

"मोडलं काय?"

"काही नाही."

"मग बोल्ट?"

"त्याच रात्री."

"सदानंद काय म्हणाला?"

"म्हणाला, विशू, हसू दे की पोरांना. सुटलं तेच बरं झालं."

एवढं बोलून विश्वजित थांबला. आपल्याच तोंडून निघालेलं वाक्य त्यानं जणू पहिल्यांदाच ऐकलं. हातातल्या मोडक्या काडीकडं त्यानं पाहिलं. मग त्या चार नव्या खुंट्यांकडं.

"...आणि तिसरं मोडल्यावर?" उस्तादांनी विचारलं.

विश्वजितनं तेही सांगितलं.

तिसरं विमान नाकावर पडलं, तेव्हा ते दोघंच नव्हते. वर्कशॉपमधली चार-पाच पोरं बघायला आली होती. त्यांच्यादेखत सदानंद एवढंच म्हणाला होता, "मी म्हटलं होतं, बोल्ट नको." आणि विश्वजितचं टाळकं सटकलं. तुझ्या गचाळ गाठी, तुझी गचाळ कामं, सगळं सदानंदच्या गळ्यात घालून झालं. वर म्हणाला, पंक्चरवाल्याची अक्कल पंक्चरपुरतीच.

दोघं त्या वेळी पंख उचलून घरी नेत होते. एक टोक याच्या हातात, एक त्याच्या. सदानंदनं आपल्या हातातलं टोक अलगद खाली ठेवलं, धूळ लागू नये म्हणून खाली आपला रुमाल पसरला, आणि चालायला लागला.

आठ महिने झाले त्याला. त्याच्या दुकानावरनं रोज जाणं-येणं. विश्वजितच्या गाडीत हवा कमी असली, तरी तो दोन मैल पुढं जाऊन भरायचा.

"रुमाल पसरला?" उस्तादांनी विचारलं.

"हो."

"हं..." उस्ताद म्हणाले. मग उठले. "चल, वारा वाढायच्या आत उडव."

"तुम्ही उडवा ना, उस्ताद. पहिल्यांदाच आहे."

"विमान तुझं, रिमोट तुझा. मी बघणार."

इंजिन चौथ्या झटक्याला लागलं. त्या आवाजानं बोरीच्या झुडपातनं तित्तिरं भुर्रकन उठली. विश्वजितनं दांडी पुढं केली, आणि ते बारा किलोचं धूड चपलांच्या चाकांवर थडथडत निघालं. वीस पावलं, तीस पावलं. शेपूट उचललं. मग चाकांखाली उजेड दिसला.

उडालं!

विश्वजितच्या अंगावर काटा आला. चार खुंट्यांवर नऊ फुटी पंख आभाळात होता. त्यानं एक लांबलचक वळण घेतलं, मग दुसरं. खुंट्यांचं भान त्याला पहिल्या फेरीत होतं, दुसरीत अर्धं राहिलं, तिसरीत तो लहान मुलागत हसत होता. उस्ताद मागं हात बांधून, मान वर करून उभे होते, आणि त्यांच्याही तोंडाचा आ झालेला होता. सत्तरी गाठली तरी या म्हाताऱ्याचं ते कुतूहल काही फिटलं नव्हतं.

"वारा फिरला," उस्ताद म्हणाले. "घे खाली."

विश्वजितनं घेतलं. सरळ येत होतं, छान येत होतं. टेकायला हातभर उरलं असेल, एवढ्यात बाजूनं वाऱ्याचा झोत आला. डावा पंख झुकला. विश्वजितनं सावरायला केलं, उशीर झाला. पंखाचं टोक बोरीच्या झुडपात शिरलं.

टक्! टक्-टक्!

पंख गरकन फिरून झुडपावर पडला. आणि धड, ज्याचा आता पंखाशी काही संबंध उरला नव्हता, ते आपल्या वाटेनं पाच-पंचवीस पावलं गडगडत गेलं आणि गवतात जाऊन थांबलं. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

विश्वजित रिमोट गळ्यात तसाच लटकवून धावत सुटला.

गुडघ्यांवर बसून त्यानं आधी इंजिन पाहिलं. वेल्डिंगवरनं बोट फिरवलं, इकडून, तिकडून. शाबूत. धड शाबूत. उठून झुडपाकडं पळाला. पंखाचा कागद दोन ठिकाणी टरकला होता. नळी सरळ. धडावर खुंट्यांची चार थोटकं उभी होती, चारही खाचेवर मोडलेली.

त्याला हसू फुटलं. कधी नव्हे ते मोठमोठ्यानं, पोट धरून. हसता हसता तो उभा राहिला, पंख गळालेल्या त्या विमानाकडं बघत त्यानं दोन्ही हात वर केले आणि सगळा माळ दणाणेल असा ओरडला,

"सदा! काही नाही झालं रे! सदा!"

...

माळावर कुणीच नव्हतं. दूर उस्ताद होते तेवढे, सावकाश चालत येत.

विश्वजितचे हात खाली आले. त्यानं तोंड फिरवून बाहीनं डोळे पुसले. धूळ फार आहे इथं, असं काहीतरी पुटपुटलाही.

उस्ताद आले. त्यांनी काही ऐकल्याचं दाखवलं नाही. वाकून पंखाचं एक टोक उचललं. विश्वजितनं दुसरं उचललं. दोघं टेम्पोच्या दिशेनं चालू लागले.

"उस्ताद, आता कळलं," विश्वजित चालता चालता म्हणाला. "तुमचं बारा वर्षं मोडत नाही, म्हणजे खुंट्या मोडतात. किती मोडल्या असतील?"

"मोजतो कोण? पोतंभर."

"आणि पंख?"

"पंख तोच."

आणखी दहा पावलं गेली असतील. उस्ताद माळाच्या मध्यावर थांबले. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, गवतावर पसरला, आणि आपल्या हातातलं पंखाचं टोक त्यावर अलगद ठेवलं.

विश्वजित दुसरं टोक धरून तसाच उभा राहिला. हाताला एकदम सगळं वजन कळलं.

उस्तादांनी खिशात हात घातला. त्याला वाटलं, बोल्ट परत देतायत. पण म्हाताऱ्याच्या तळहातावर एक नवी, कोरी, खाच पाडलेली खुंटी होती. ती त्यांनी विश्वजितच्या सदऱ्याच्या खिशात खोचली.

"एक सांग, बेटा. सदानंदाशी मोडलं, तेव्हा काय मोडलं होतं? खुंटी, की पंख?"